उद्यमनगरातला बिनबोर्डाचा गाळा: रोटाव्हेटर, रिजर आणि कुट्टी मशीन, तीन कामांचा अनुभव

आधीच सांगतो, नाव विचारू नका, कारण नावच नाही. बोर्ड नाही, कार्ड नाही, मॅपवर टाकलेलं नाही. कोल्हापुरात पार्वती टॉकीजकडनं उद्यमनगरात आत शिरायचं आणि जिथं रस्त्याकडंला रोटाव्हेटर, पल्टी नांगर, कुणाच्या तरी गुऱ्हाळाचा चरक असं सगळं उताणं पडलेलं दिसेल तिथं कुणालाबी विचारायचं, 'अवजाराचे मिस्त्री कुठं?' कोणतरी हातातला पाना तसाच वर करून दाखवतंय. दोन वर्षात माझी तीन कामं तिथं झाली, म्हणजे एक झकास झालं, एक बरं झालं आणि एक अजून व्हायचंय. पैसे खिशातले गेलेत म्हणून सविस्तर लिहितोय, ज्यांना नुसता आकडा पाहिजे त्यांनी पाचपैकी साडेतीन स्टार समजावं आणि पुढं जावं.

आमचं गाव भोगावतीकाठचं, ऊस सोडला तर घरापुरतं भात आणि जनावरांना मका, बाकी काय नाही. चुलतभाऊ आणि मी मिळून एक ४५ एचपीचा ट्रॅक्टर हाय, त्याला पाच फुटी रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार, आणि माझा एकट्याचा १८ एचपीचा मिनी. गेल्याच्या गेल्या मे महिन्यात खोडवा मोडून रान तयार करायचं चाललेलं, पाऊस तोंडावर, आणि बांधाकडंला वळताना रोटाव्हेटरमधनं असा काय कडाड आवाज आला की ड्रायव्हर आधी उडी टाकून बाजूला झाला आणि मग ट्रॅक्टर बंद करायला परत वर चढला. खाली वाकून बघतोय तर पात्यात बांधातला दगड अडकलेला, आणि वर गिअरबॉक्सच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, बॉडीला वीतभर चीर, ऑइल ठिबकतंय.

आता घाई. गावाजवळच एक वेल्डिंगवाला हाय, ग्रिल, गेट, ट्रॉलीचे फाळके असलं करतोय, त्यानं 'हे काय, अर्ध्या तासाचं काम' म्हणून साध्या रॉडनं चरचर करून टाकलं, वर ग्राइंडर मारून सिल्व्हर कलर पण लावला, आठशे घेतले. दिसायला तर नवीन कंपनीतनं आल्यासारखं. दुसऱ्या दिवशी अर्धा एकर गेला नसेल तर परत ठिबकायला लागलं आणि गंमत म्हणजे वेल्डिंग जसंच्या तसं, चीर त्याच्या शेजारनं नवीन गेलेली. कंपनीच्या डीलरकडं चौकशी केली तर अख्खा गिअरबॉक्स २२ हजार, तो पण आठ दिवसांनी. तेव्हा पावण्यांपैकी एकानं हा गाळा सांगितला.

मी रोटाव्हेटर ट्रॉलीत टाकून सकाळी साडेआठला पोचलो. गाळा म्हणजे पुढं पत्र्याची शेड, आत एक लेथ जी माझ्यापेक्षा वयानं मोठी असावी, एक रेडियल ड्रिल, कोपऱ्यात भट्टी, आणि भिंतीला खंडेनवमीचा सुकलेला झेंडू अजून तसाच. मिस्त्री साठीच्या आसपासचे, सगळे मामा म्हणतात. मला वाटलं आता चीर बघतील, हात फिरवतील, चक् चक् करतील. तसलं काय नाही. चिरेकडं ढुंकून न बघता पहिला प्रश्न, 'पाव्हणं, शिअर बोल्ट कुठला घातलाय?'

म्हटलं, 'घातलाय की, चांगला भारी हाय.'

'तेच तर. काढा बघू.'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओला, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या खुंट्याला, जो दांडा जोडतो ना, त्याच्यात एक बोल्ट मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. रोटाव्हेटरमध्ये दगड, मुळकं, तार काहीबी अडकलं की तो बोल्ट तुटायचा, दांडा मोकळा फिरायचा आणि आत गिअर वाचायचे. घरातल्या फ्यूजसारखं काम हाय ते. आमचा ड्रायव्हर दर दोन दिवसाला बोल्ट बदलून वैतागला आणि त्यानं एक दिवस लक्ष्मीपुरीतनं अॅलन बोल्ट आणून ठोकला, म्हणजे फ्यूजच्या जागी खिळा घातल्यागत. मामांनी बोल्ट पुसला, डोक्यावरचा आकडा दाखवला, १२.९. आमच्या मशीनच्या पुस्तकात ८.८ लिहिलंय. माझा पोरगा डिप्लोमाला हाय त्यानं घरी समजावून सांगितलं की पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताण आला की बोल्ट तुटणार तो, आणि टिंबाच्या पुढचा आकडा म्हणजे त्याच्या दहापैकी किती हिश्श्याला तो ताणून कायमचा वाकडा व्हायला लागतो. म्हणजे ८.८ चा ८०० ला तुटतो आणि १२.९ चा १२०० ला. ड्रायव्हरनं दीडपट ताकदीचा बोल्ट घातला आणि मग जे तुटायला नको ते तुटलं.

मामांचं एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी रोटाव्हेटर उलटा करायला लावला, पाती मोजली. पाती रोटरवर अशी सरळ ओळीत नसतात, चक्री जिन्यासारखी फिरत जातात, म्हणजे एका वेळी एखादं दुसरंच पातं मातीत शिरतं आणि दणका वाटून जातो. पाती बदलताना डावी उजवी आमच्याकडनं चार ठिकाणी उलटी पडली होती, तिथं दोन पाती एकदम आपटत होती. शिवाय एक पातं मोडलेलं कुणीतरी जोडून घातलेलं, ते मामांनी हातोडीनं एक टोला मारून तिथल्या तिथं पाडलं आणि नाल्यात फेकलं. 'बोरॉनचं पातं हाय, पाणी दिलेलं असतंय, वेल्डिंग केलं की जोडाजवळचं पाणी उतरतंय, पीटीओवर फिरताना उडालं तर कुणाच्या नडगीत बसंल सांगता येत नाही,' एवढंच बोलले. पाणी दिलेलं म्हणजे तापवून विझवून कडक केलेलं. मी गप्प, कारण ते जोडलेलं पातं घालणारा 'कुणीतरी' मीच होतो.

आता चिरेचं काम. हे मी तीन तास बसून बघितलं आणि खरं सांगतो या गाळ्याचे साडेतीन स्टार मुख्यतः या तीन तासांचे हायत. बिडात कार्बन तीन साडेतीन टक्क्याच्या आसपास असतो, साध्या लोखंडात पाव टक्कासुद्धा नसतो, त्यामुळं बिडाला साधा रॉड लावून पटकन गार होऊ दिलं की जोडाच्या कडंचा भाग काचेगत कडक होतो आणि आकसताना तिथंच तडकतो. म्हणून तर आमची दुसरी चीर पहिल्याच्या शेजारनं गेली. मामांनी काय केलं, तर गावातल्या वेल्डिंगचा सगळा मसाला आधी ग्राइंडरनं उडवला. मग चिरेची दोन टोकं शोधली, त्यासाठी रॉकेल लावून पुसलं आणि वर खडू फासला, रॉकेल चिरेतनं परत झिरपून खडू ओला करतंय आणि चीर कुठपर्यंत गेलीय ते रेघ मारल्यासारखं दिसतंय. आम्हाला वीतभर वाटत होती ती खरी दोन बोटं जास्त निघाली. त्या दोन्ही टोकांना बारीक होल मारलं, म्हणजे चीर तिथनं पुढं पळत नाही. मग चिरेच्या अंगानं व्ही आकाराची खाच. मग गॅसनं तापवून आत मुरलेलं ऑइल जाळून काढलं, धूर असा निघाला की शेजारच्या गाळ्यातला टर्नर ओरडायला लागला.

आणि मग निकेलचा रॉड. तो महाग असतो, मामा एकेक रॉड मोजून वापरतात आणि उरलेला तुकडा पण डब्यात ठेवतात. एका वेळी इंचभरच लावायचा, लगेच बारीक हातोडीनं टकटक करून त्या गरम मसाल्याला ठोकायचं म्हणजे तो आकसताना ओढत नाही, मग थांबायचं, मग चिरेच्या दुसऱ्या टोकाला इंचभर. मध्ये चहा, परत इंचभर. मी एकदा म्हटलं, 'मामा, सलग का मारत नाही?' तर म्हणाले, 'घाई असली तर त्या आठशेवाल्याकडं जावा की.' बोलायला असा फटकळ माणूस, हे पण रिव्ह्यूत लिहायला पाहिजे. सगळं झाल्यावर अख्खी बॉडी भट्टीतल्या राखेत पुरून ठेवली, सावकाश गार व्हायला, आणि 'उद्या या.' उद्या म्हणजे उद्याच मिळालं, हे एकच काम वेळेत मिळालं. दोन ऑइल सील आणि ६३०८ नंबरचं एक बेअरिंग बदललं, ते मी स्वतः दुकानातनं आणून दिलं, मिस्त्री बेअरिंगवर स्वतः पैसे कमवत नाही, नंबर सांगतो आणि तुम्हालाच पाठवतो, हे मला आवडलं. मजुरी ३,८००. त्या जोडावर दोन हंगाम गेले, थेंब गळला नाही. सिल्व्हर कलर मात्र नाही, जोड काळाकुट्ट आणि खडबडीत दिसतो, ज्याला दिसायला पाहिजे त्यानं डबा आणून स्वतः मारावा.

जाता जाता ड्रायव्हरला पण दोन शब्द सुनावले. बांधाकडंला वळताना पीटीओ चालू ठेवून रोटाव्हेटर वरपर्यंत उचलायचा नाही, दांड्याचा कोन वाढतो आणि क्रॉस, म्हणजे दांड्याचा वळणारा सांधा, मरतो. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो म्हणजे सेकंदाला नऊ, त्या वेगात दांडा तिरका चालला तर प्रत्येक फेऱ्याला दोन हिसके. ड्रायव्हर 'व्हय व्हय' म्हणाला. आता खरंच पीटीओ बंद करून उचलतो का, तर मी रानात असलो की करतो.

इथं जरा विषयांतर. लोक म्हणतात हे सगळं कोल्हापुरातच का जमतं. मला वाटतं त्याचं कारण मिस्त्रीच्या हातात जेवढं हाय तेवढंच आजूबाजूच्या गल्लीत हाय. या गावात पूर्वी शेतीची ऑइल इंजिनं बनायची, गुऱ्हाळाचे चरक बनायचे, आता शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधनं गाड्यांची कास्टिंग देशभर जातात, त्यामुळं बीड ओतणारा, लाकडाचा पॅटर्न करणारा, गिअर कापणारा, हीट ट्रीटमेंटवाला, भंगारवाला असे सगळे चालत जायच्या अंतरावर. माझ्या डोळ्यासमोर एकजण पन्नास वर्षं जुन्या कुठल्यातरी मशीनची पुली घेऊन आला, कंपनीच बंद झालेली, मामांनी पोराच्या हातात ती फुटकी पुली दिली आणि पॅटर्नवाल्याकडं पिटाळलं. चार दिवसांनी मी गेलो तेव्हा नवीन ओतलेली पुली लेथवर फिरत होती. दुसऱ्या जिल्ह्यात असतो तर त्या माणसानं मशीन किलोवर घातलं असतं.

दुसरं काम रिजरचं. मिनी ट्रॅक्टरनं उसाची बाळबांधणी, म्हणजे लहान उसाला मातीची पहिली भर, करायला मला रिजर, म्हणजे सरी पाडायचं अवजार, पाहिजे होता, नवीन महाग म्हणून एका पावण्याकडनं मोठ्या ट्रॅक्टरचा जुना उचलला साडेतीन हजाराला. घरी आणून जोडायला गेलो तर खालच्या लिंकची, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं अवजार उचलणाऱ्या दांड्यांची, पिनच आत जाईना. इथं बरेच जण फसतात म्हणून लिहितो, मिनी आणि लहान ट्रॅक्टरला खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या असतात, मोठ्याला २८ च्या, वरच्या टॉप लिंकला १९ आणि २५. उलटं असतं, म्हणजे लहान अवजार मोठ्या ट्रॅक्टरला लावायचं असलं, तर बुश घालून भागतं, आणि लोक तर बुश पण घालत नाहीत, तशीच ढिली पिन ठेवतात, मग सहा महिन्यात भोक अंड्यासारखं होतं. माझ्या केसमध्ये बुशचा प्रश्नच नव्हता, पिनाच बदलायला लागल्या. मामांनी ईएन ८ पोलादाचा दांडा लेथवर लावून पायरीच्या पिना केल्या, आतली बाजू रिजरच्या भोकाला बसेल अशी जाड, बाहेरची २२. नुसत्या या कामाचे १,४००.

मग रुंदी. आमची सरी साडेचार फुटी, रिजर पाचाच्या पुढं पसरणारा, पंख कापून आत घ्यायला पाहिजे होते. आणि मी हुशारी केली, घरात ट्रकच्या पाट्याचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचे, दोन तुकडे पडलेले ते बरोबर नेले, म्हटलं याचे फण करून वेल्डिंग मारा, पाट्याचं पोलाद लै चिवट असतं. मामांचा पोरगा, म्हणजे हाताखालचा, लगेच ड्रिलला लावायला गेला, बिट दोन मिनिटात निळं पडलं आणि पाट्यावर नुसता चकचकीत ठिपका. मामा आतनंच ओरडले, 'आरं ते पाणी दिल्यालं हाय, बिटाचे पैसे कोण देणार, तुझा बा?' मग मला समजावलं. पाटा चिवट असतो तो त्याला दिलेल्या पाण्यामुळं आणि नंतर दिलेल्या मंद आचेमुळं. वेल्डिंग मारलं की जोडाला लागून एक पट्टा ठिसूळ होतो, त्याच्या पलीकडं एक पट्टा मऊ होतो, आणि रानात दगड लागला की फण बरोबर ठिसूळ पट्ट्यात मोडतो, वेल्डिंग मात्र जाग्यावर शाबूत. परत तीच गोष्ट, चीर वेल्डिंगच्या शेजारनं.

म्हणून त्यांनी पाट्याला आग लावलीच नाही. जाड पट्टीचे क्लॅम्प केले, यू बोल्ट मारले, फण फ्रेमला आवळून बसवला. होल नाही, वेल्डिंग नाही, आणि फण पुढंमागं सरकवता पण येतो, पुढं चार फुटी सरी झाली तरी चालेल. फक्त टोकाला जिथं माती घासते तिथं कडक रॉडचा एक थर दिला, तो पण टोकालाच, क्लॅम्पपासनं लांब. डोकं हाय राव. सगळं मिळून, पिना धरून, ७,९०० झाले. रिजर धरून साडेअकराच्या आसपास. नवीन घेतला असता तर बराच जास्त गेला असता, पण नवीन बिलासकट मिळाला असता, इथं बिल मिळत नाही. मागितलं तर वहीचा कागद फाडून त्यावर आकडा लिहून देतात, सही पण करत नाहीत.

या कामाला 'बरं झालं' का म्हटलं, तर वेळेमुळं. चार दिवस सांगितले, सतरा दिवस लागले. मधे मामा चैत्र यात्रेला जोतिबाला गेले, ते ठीक, कोण नाय म्हणणार, पण त्यानंतर गावाकडचे कुणी, मग हाताखालचा पोरगा आजारी, मग लाईट. मी तीन हेलपाटे मारले, प्रत्येक वेळी रिजर त्याच जागी, त्यावर फक्त एकेक नवीन अवजार चढलेलं. फोन करून जावं म्हणाल तर फोन उचलत नाहीत, हात काळे असतात. आणि एक पंख दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली राहिला होता, घरी नेऊन चालवल्यावर कळलं, डाव्या सरीला भर जास्त लागायची. परत नेला तर दहा मिनिटात सरळ करून दिला, पैसे घेतले नाहीत, पण 'ट्रॅक्टरची उजवी लिफ्ट दांडी बघा, ती कमी जास्त असणार' असं माझ्यावरच ढकललं. घरी येऊन बघितली. होती कमी जास्त. आता काय बोलायचं.

पूरवाल्यांसाठी एक. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्यासारख्या कितीतरी जणांची अवजारं शेडात पाण्याखाली गेली, तेव्हा बऱ्याच जणांनी वरनं धुतली, ग्रीस मारलं आणि पुढच्या हंगामात जुंपली. गिअरबॉक्सचा खालचा नट सोडून ऑइल दुधाळ पांढरं दिसलं म्हणजे आत पाणी शिरलेलं हाय. मामा म्हणतात, असलं दिसलं की सगळं काढायचं, डिझेलनं धुवायचं, नवीन ऑइल घालून थोडं फिरवायचं आणि ते पण काढून परत नवीन घालायचं, दोन वेळचं ऑइल गेलं तरी बेअरिंग आणि क्राउन पिनियनपेक्षा, म्हणजे आतल्या मुख्य गिअरच्या जोडीपेक्षा, स्वस्त. हा सल्ला मला फुकट मिळाला, चुलतभावाला २०२१ नंतर बेअरिंगा बदलून मिळाला होता.

आता तिसरं, कुट्टी मशीन. आमच्याकडं हातानं फिरवायचं कडबा कुट्टीचं जुनं मशीन, त्या मोठ्या बिडाच्या चाकाला पाती लावलेली असतात ते. आईचं वय झालं, बायकोचा खांदा धरतो, म्हणून दोन एचपीची सिंगल फेजची मोटर आणली, १४४० फेऱ्यांची. आधी एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियननं मोटरवर पाच इंची पुली आणि मशीनवर बारा इंची असं काहीतरी बसवून दिलं. चालू केलं तर गोठ्यातल्या दोन्ही म्हशी दावं तोडायच्या बेतात. गणित करा, १४४० गुणिले पाच भागिले बारा, म्हणजे ६०० फेरे, आणि ते चाक हातानं फिरवायला ओतलेलं, हातानं माणूस पन्नास साठच्या वर फिरवत नाही.

मामांनी ऐकल्या ऐकल्या हात जोडले. 'बिडाचं चाक हाय, स्पीड डबल केला की ताण चौपट होतोय, एखाद्या दिवशी चाकच फुटून पत्र्यातनं बाहेर जाईल.' मोटरवर तीन इंची पुली, मशीनवर पंधरा इंची, म्हणजे २८८ फेरे. पट्टा पण बदलला, जुना बी नंबरचा जाड होता, तो तीन इंची पुलीवर जास्त वाकतो आणि आतनं तडकतो, तिथं ए नंबरचा पाहिजे. चाकाला हातोडीनं वाजवून बघितलं, टण्ण आवाज आला म्हणजे चीर नाही, बद्द आला असता तर मशीन ठेवूनच घेणार होते. फ्रेमला चॅनलचा पाया, मोटरला सरकवायच्या खाचा, पट्टा ताणायला बोल्ट, सगळं व्यवस्थित. मशीन आता असं चालतंय की शेजारच्यांना कळत पण नाही. ४,६०० दिले.

पण पट्ट्याला कव्हर नाही. पाती असलेल्या चाकाला पण नाही. मी काम देतानाच सांगितलं होतं, बायका हे मशीन चालवणार, पदर असतो, कव्हर पाहिजेच. 'करू की' म्हणाले. न्यायला गेलो तर नाही. विचारलं तर 'आता घेऊन जावा, कव्हर सवडीनं करू, पत्रा आणायचा हाय.' आणि हा माझा या गाळ्यावरचा खरा राग हाय. ज्या माणसाला जोडलेलं पातं बघून नडगी आठवते, ज्याला चाक फुटायची भीती वाटते, त्याला उघडा पट्टा दिसत नाही. तिथं शेडात उभं राहून बघा, दहा अवजारं दुरुस्त होऊन चाललेली असतील तर एकाच्याबी पीटीओ दांड्यावर प्लास्टिकचं कव्हर नसतं, आलं तेव्हा होतं त्यांचं पण काढून कोपऱ्यात टाकलेलं, कारण ग्रीस मारायला आडवं येतं. हा दोष एकट्या मामांचा नाही, गिऱ्हाईक पण मागत नाही, उलट कव्हर घातलं तर 'हे कशाला, पैसे वाढवायला' म्हणतं. पण मी मागितलं होतं. आगाऊ पैसे देऊन मागितलं होतं. एक स्टार याचाच कापलाय, उरलेला अर्धा सतरा दिवसांचा.

जायचं असलं तर काही व्यवहाराच्या गोष्टी. सोमवारी गाळा बंद. ट्रॉली घेऊन जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत, नंतर गल्लीत टेम्पो लागतात आणि ट्रॉली मागं घेताना तुमचा आणि टेम्पोवाल्याचा दोघांचा रक्तदाब वाढतो. फेब्रुवारी मार्चमध्ये ऊस तुटून खोडव्याची कामं निघतात आणि मे मध्ये मशागतीची, तेव्हा गर्दी असते, दिवाळीच्या आधी गेलात तर माणूस निवांत सापडतो आणि चहा पण पाजतो. अवजार धुऊन न्या, मातीनं भरलेलं नेलं तर धुवायचे दोनशे लावतात आणि वर ऐकवतात. आणि मोडलेला तुकडा टाकून देऊ नका, बोल्टसकट सगळं पिशवीत घालून न्या, मामा आधी तेच मागतात, तुकडा कुठल्या बाजूनं तुटलाय ते डोळ्याजवळ धरून बघतात, जुना गंज दिसला तर म्हणतात ही चीर आजची नव्हे, लै दिवसांची हाय, पूर्ण चकचकीत दिसली तर विचारतात दगड लागला का. कामाचा भाव आधी ठरवा, वहीत लिहून घ्या, आणि सांगितलेल्या दिवसांना चारनं गुणा. रोख द्यावे लागतात. मामांचा पोरगा ऑनलाईन घेतो पण मामा समोर असले की घेत नाही.

ड्रायव्हरच्या टूलबॉक्समध्ये आता ८.८ चे वीस बोल्ट असतात, त्यातले सात या हंगामात गेले. प्रत्येक वेळी शिव्या देतो, पाच मिनिटात बदलतो आणि पुढं चालू. अॅलन बोल्ट मी घरी नेऊन खुंटी केलीय, त्याला ट्रॅक्टरची चावी अडकवतो.

कुट्टीच्या पट्ट्याला सध्या गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा उभा कापून माझा मीच आडोसा केलाय, तारेनं बांधलाय, मोटर चालू झाली की थरथरतो पण पदराला तेवढंच. परवा परत गाळ्यावर गेलो होतो, कव्हरचं विचारायला. पत्रा आलाय म्हणाले. दाखवला पण, त्यावर कुणाचा तरी पल्टी नांगर ठेवला होता.